जड चाक

"डोळे मिट. मिटलेस? आता सांग, कुठं ओढतेय?"

पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा हा आवाज काटेबुवांच्या कानात बिऱ्हाड करून राहिला होता. दुपारी डोळा लागता लागता तो यायचा, काम संपवून हत्यारं पुसायला घेतली की यायचा. आवाज वस्तादांचा. गोल नाकाचा ट्रक, सरळ मोकळा रस्ता, स्टेअरिंगवर एकोणीस वर्षांचे काटेबुवा आणि शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसलेले वस्ताद.

"डावीकडे ओढतेय, वस्ताद."

"किती?"

"बोटभर."

"बोट कुणाचं? तुझं का माझं?"

वस्तादांचं बोट म्हणजे गाजर. काटेबुवांना हसू फुटायचं आणि हसता हसता ओढ हातातून निसटून जायची. मग वस्ताद पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. गाडी एका अंगाला ओढत असली तर कारण कुठंतरी असतंच, चाकात हवा कमी असते, स्प्रिंगचा पाटा बसलेला असतो, पुढच्या चाकाची किंगपिन झिजलेली असते. पण कारण शोधायच्या आधी ओढ कळायला हवी, आणि ती कळते तळहाताला. डोळे मेले लबाड, त्यांनी जे बघायचं ठरवलेलं असतं तेच बघून येतात. असं म्हणून वस्ताद स्वतः जुळवलेलं काहीबाही गुणगुणायला लागायचे:

चाकाला नाही जीभ, चाकाला नाही तोंड,
हाताला सांगून जातं, वाटेत आहे धोंड.

तोंडाला धोंड जुळल्याचा त्यांना कोण आनंद. दर वेळी नव्यानं.

त्या शाळेतून जे हात तयार झाले त्यांची पुढं बाजारभर कीर्ती झाली. सोनाराच्या तराजूचा काटा गुंजभरही खोटं बोलत नाही तसे हे हात. स्टेअरिंगची पेटी उघडून बांधून द्यावी तर यांनीच. मापाच्या पट्ट्या खणात पडून गंजल्या, पण यांनी कधी हात लावला नाही. लोक आधी 'काटा' म्हणायला लागले, वय वाढलं तसं 'काटेबुवा' झालं, आणि वर्कशॉपच्या पाटीवरचं खरं नाव पुसट झालं तरी ते परत रंगवायचं कुणाला सुचलं नाही.

आता तोच गोल नाकाचा ट्रक त्यांच्या वर्कशॉपमध्ये उभा होता. वस्ताद गेल्यावर तो या दारातून त्या दारात फिरला होता आणि शेवटी एका लाकडाच्या वखारीमागं वेलींत बुडून गेला होता. वखार मोडायला निघाली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वस्तादांचा ना हा? घेऊन जा. वेलीसकट न्या." वेलीसकटच आला. बॉनेट उघडलं तर आत सरड्याचं कुटुंब सुखानं नांदत होतं. त्यांची समजूत काढण्यातच पहिला दिवस गेला.

मग सव्वा वर्ष काटेबुवा आणि त्यांची सून त्या ट्रकला लागले होते. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सून लेथवर वाढलेली. लोखंडाची साल निघताना तिचा चेहरा गाणं ऐकणाऱ्या माणसासारखा व्हायचा. मुलगा म्हणायचा, "बायको मी केली आणि भागीदार बाबांना मिळाला." ट्रकवर फिरतं वर्कशॉप करायचं हा बेत तिचाच. मागच्या हौद्यात लेथ, वेल्डिंग, हत्यारांची कपाटं, आणि वाटेत जिथं कुणाचं अडलं असेल तिथं हजर. चालवणार ती. काटेबुवा शेजारी बसणार आणि सल्ले देणार, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

चासी सांधून, घासून, काळी कुळकुळीत रंगवून झाली. इंजिन बसलं, पाटे नवे आले. केबिन रंगाला गेली होती. एवढं सगळं जमलं आणि घोडं एका प्रश्नावर अडलं. बाकावर स्टेअरिंगच्या दोन पेट्या होत्या. डावीकडची ट्रकची मूळची, साधी; उजवीकडची वीस वर्षांनी धाकट्या ट्रकमधून सुनेनं मिळवलेली, पंपासकट, पॉवर स्टेअरिंगची. भांडण झालेल्या जावा तोंडं फिरवून बसतात तशा त्या दोघी तीन आठवडे शेजारी शेजारी बसून होत्या.

"बाबा, शनिवारी केबिन येतेय," सून म्हणाली. "केबिन चढली की मग आत हात जायचा नाही. तेव्हा आज काय ते सांगून टाका. साधं का पॉवर?"

"साधं."

"का पण?"

"मूळचं तेच आहे."

"मूळचे दिवेही मेणबत्तीएवढे होते. ते तर तुम्हीच बदललेत."

"पॉवरसाठी चासीला चार भोकं पाडावी लागतील. एकदा पाडली की पाडली."

"चार भोकांनी चासी मरत नाही. माझ्या एका कानाला तीन आहेत."

"पंप आला, पट्टा आला, नळ्या आल्या. भर रस्त्यात नळी फुटली म्हणजे?"

"म्हणजे वर्कशॉप शोधावं लागेल," सून गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "आणि वर्कशॉप आपल्याच पाठीवर असेल."

काटेबुवांनी कापड घेतलं आणि एक स्वच्छ नट आणखी स्वच्छ करायला लागले. तिनं मग आवाज उतरवला. "तुमच्या दुखऱ्या खांद्यासाठी म्हणतेय हो. उद्या कधी तुम्हाला चालवावीशी वाटली तर?"

खांद्याचं ते निमित्त होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या महिन्यात साधं स्टेअरिंग तात्पुरतं लावलं तेव्हा सून वर चढून बसली होती. उभ्या गाडीत चाकं वळवायची म्हणून दोन्ही हातांनी तिनं ओढलं, मग अंग टाकून ओढलं, आणि त्या जोरात तिच्या टाचा फळीवरून उचलल्या गेल्या. मूठभर जीव. गल्लीबोळातून दिवसातून दहादा मागं घ्यायची होती तिला ही गाडी. काटेबुवांनी ते पाहिलं होतं आणि लगेच खाली वाकून न पडलेला पाना शोधायला लागले होते. तिनंही 'मला जड जातंय' असं एकदासुद्धा म्हटलं नाही. सासऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली, तीही हळूच, त्यांना टोचू नये अशी.

सगळं कळत होतं, आणि तरी तोंडातून 'साधं' हाच शब्द येत होता. कारण वेगळंच होतं. ते त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी काटेबुवांनी किटली उचलली, आणि स्वयंपाकघरात काहीतरी जळल्याचा वास आला म्हणून इकडं तिकडं पाहिलं, तर त्यांचंच बोट होतं. दुखलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना मौज वाटली. मग हळूहळू धुकं आलं. पहाटे नदीवरून उठतं आणि आधी काठ नेतं, मग झाडं नेतं, मग घरं, तसं ते बोटांच्या टोकांवरून चढत तळहातावर आलं आणि मनगटाशी येऊन थांबलं. हात दिसत होते, हलत होते, पाना धरत होते. पण लोखंड आता त्यांच्याशी बोलत नव्हतं. डॉक्टरांनी नसांचं काहीतरी सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांची बाटली काटेबुवांनी वॉशरच्या डब्यात लपवली, कारण तिथं वॉशर शोधायला दुसरं कुणी जात नसे.

मग सुरू झाल्या युक्त्या. नट हातातून पडला की आवाजावरून शोधायचा. धार लागतेय का, कंगोरा राहिलाय का, हे बघायला वस्तू गालाला लावायची, ओठांना लावायची. सून विचारायची, "काय वास घेताय सारखा?" ते म्हणायचे, "तेल जुनं आहे का बघतोय." तिला पटायचं. निदान तसं ती दाखवायची.

सांगून का टाकलं नाही? सांगितलं असतं तर कुणी रागावलं नसतं, हीच तर भीती होती. सून स्टूल ओढून म्हणाली असती, "बाबा, तुम्ही बसा." आणि मग ते बसलेच असते, जन्मभर. ज्याला सगळा बाजार काटा म्हणतो त्याचा काटाच हलत नाही, हे एकदा बाहेर पडलं की उरलं काय? टोपी आणि चष्मा.

राहिली एक आशा. बहिऱ्याशीही कुणी मोठ्यानं बोललं तर थोडं ऐकू येतं. साधं स्टेअरिंग मोठ्यानं बोलतं. खड्डा, खडी, पाण्याचा ओघळ, सगळं स्टेअरिंगच्या दांड्यातून धडाधडा वर येतं. पॉवरचं बोलतं कुजबुजल्यासारखं. चांगल्या हातालाही कान द्यावा लागतो. जड चाक हातात आलं तर कदाचित काहीतरी धुक्यापलीकडं पोचेल. या एका 'कदाचित'साठी काटेबुवा सुनेच्या उचललेल्या टाचा विसरायला तयार झाले होते, आणि त्याची लाज त्यांना रोज वाटत होती.

"असं करू," सून म्हणाली. "आधी साधं बसवू. मैदानावर दोन फेऱ्या मारा. मग ठरवू. पेटी बांधा तुम्ही. ते काम मी शिकले नाही अजून."

ती बाहेर रंगवाल्याकडं गेली. दुपार होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे रुपये जमिनीवर पडले होते आणि सावकाश सरकत होते. काटेबुवांनी पेटी पुढ्यात घेतली. वस्तादांची रीत अशी की वरचा स्क्रू आवळत जायचं आणि दुसऱ्या हातानं दांडा फिरवत राहायचं. मधोमध आल्यावर दांडा बोटांना जरासा चिकटायला लागतो. तिथं थांबायचं, आणि एक श्वास मागं घ्यायचं. मागं किती, हे वस्ताद बोटांत किंवा आट्यांत सांगत नसत. एक श्वास सोडेपर्यंत हात जेवढा सैल पडतो तेवढंच.

काटेबुवांनी आवळलं. दांडा फिरवला. धुकं. आणखी आवळलं. धुकंच. त्यांनी गाल दांड्याला टेकवला. गार लोखंड, त्यावर ग्रीसचा वास, आणि कुठंतरी खूप आत काहीतरी घासल्यासारखं. चिकटलं का? चिकटलंच असणार. गालाचं लोखंडाशी एवढं जुनं नातं नव्हतं, पण असेल तसा पाहुणा बोलावावा लागतो. त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला, स्क्रू मागं घेतला, तो हलू नये म्हणून वर नट बसवला आणि नेहमीप्रमाणे नट आणि पेटी मिळून पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका मोडला नाही तोवर नट हलला नाही, ही त्यांची खूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदानावर गेले. ट्रक अजून अर्धाच होता: इंजिन, चासी, चार चाकं, आणि बसायला आडवी फळी. छप्पर नाही, दार नाही, काच नाही. लोखंडाचा सांगाडा हवा खायला निघाला होता. मैदानाच्या कडेनं दगडी बांध, मध्ये बुटकं गवत, गवतावर दव, आणि दवावर इतकं पातळ ऊन की ते आपल्याआपण तरंगत होतं. काटेबुवा स्टेअरिंगवर, सून शेजारी, हात हँडब्रेकवर.

पहिल्या गिअरात गाडी निघाली. पहिला खड्डा आला, आणि काटेबुवांना कळला. तळहाताला नव्हे, कोपराला. मनगटाच्या वर, जिथं धुकं संपत होतं तिथं, कुणीतरी दार ठोठावल्यासारखं झालं. दुसरा खड्डा खांद्यापर्यंत आला. गवताखालची खडी दंडातून सरसरत गेली. दीड वर्षानं जगानं त्यांना हाक मारली होती, लांबून, नदीच्या पलीकडच्या काठावरून मारतात तशी. बांधापाशी त्यांनी गाडी वळवली, वळण संपताना चाक सैल सोडलं, आणि सवयीनं, पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं, डोळे मिटून घेतले.

काय सांगावं त्या मिटल्या डोळ्यांमागचं. गाडी होती की होडी होती कळेना. ऊन एका गालावर येत होतं, मग कपाळावर, मग दुसऱ्या गालावर. वाऱ्यानं जणू त्यांचा चेहरा ओंजळीत धरला होता आणि हळूहळू फिरवून बघत होता. इंजिन एका सुरात घुमत होतं. ओढ शोधली त्यांनी. डावीकडं नाही. उजवीकडं नाही.

"अजिबात ओढ नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. "बघ कशी नाकासमोर चाललीये."



"नाकासमोर," ते पुन्हा म्हणाले. "दोरी लावल्यासारखी."

तरी सून बोलेना. काटेबुवांनी डोळे उघडले. समोर गवतावर, दवात उमटलेला, चाकांचा एक काळाभोर गोल होता. पुरता गोल, त्यावर दुसरा गोल, आणि तिसऱ्याच्या मध्यावर त्यांची गाडी. वळण संपल्यावर चाकं सरळ झालीच नव्हती. स्टेअरिंग वळलं तिथंच किंचित कलून चिकटून बसलं होतं, आणि ट्रक घाण्याच्या बैलासारखा आपल्याच खुणांवरून फिरत होता. उन्हानं तीनदा सांगितलं होतं, एका गालावर, कपाळावर, दुसऱ्या गालावर. ऐकलं नव्हतं.

सुनेनं हळूच हँडब्रेक ओढला.

"पेटी जरा आवळलीये वाटतं," ती म्हणाली, आणि खाली उतरली.

ती वाकून पेटी बघत होती आणि काटेबुवा तिच्या पाठीमागं उभे राहून बघत होते. नटावर पिवळा ठिपका होता, अखंड, काल दिला तसाच. तिनं तो पाहिला. त्यांनी तो पाहिला. मग तिनं पाना चढवला, नट सैल केला, स्क्रू मागं घेतला, पुन्हा थोडा मागं घेतला, आणि मागं न वळता म्हणाली,

"माझंच चुकलं, बाबा. काल संध्याकाळी तेल पाझरतंय असं वाटलं म्हणून मीच जरा आवळलं होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

'असू दे' एवढे दोन शब्द काटेबुवांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते उच्चारलेसुद्धा. "असू दे. होतं असं."

मग सून स्टेअरिंगवर बसली आणि गाडी तिनंच परत आणली. आता वळण झालं की स्टेअरिंग आपोआप सरळ होत होतं, हे तिच्या हातांत त्यांना शेजारून दिसत होतं. वर्कशॉपच्या दारातून आत घेताना मात्र तिला तीनदा मागंपुढं करावं लागलं. तिसऱ्यांदा तिनं ओठ आत घेतले, अंग टाकलं, टाचा उचलल्या. आत आल्यावर मनगट चोळलं, आणि ते बघतायत असं लक्षात येताच घड्याळाचा पट्टा नीट करतेय असं केलं.

"साधंच ठेवू," ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघितला मी मैदानावर. एवढे खूश तुम्ही इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही नव्हता. होईल मला सवय. चार महिन्यांत दंड बघा कसे होतात. तुमचा मुलगा घाबरून जहाजावरच राहील."

ती हसली. तेही हसले. मग तिनं पॉवरची पेटी उचलली, पंप उचलला, नळ्या गुंडाळल्या आणि सगळं एका जुन्या चादरीत बांधायला बसली.

काटेबुवांना जे हवं होतं ते मिळालं होतं. मागावंही लागलं नाही. बरं, मिळालं ते कसं, तर तिच्या पदरात स्वतःची चूक टाकून. उद्या तिच्या मनगटात कळ येईल तेव्हाही ती घड्याळाचा पट्टाच नीट करेल. परवा ती कुणाची तरी पेटी बांधायला त्यांच्या पुढ्यात ठेवेल, ते गाल लावतील, आणि त्या गाडीखाली मोकळं मैदान नसेल. रस्ता असेल, रस्त्यावर माणसं असतील. गप्प राहणं आजवर फक्त त्यांच्या अंगावर होतं. आता ते दुसऱ्यांच्या अंगावर जाऊ लागलं होतं.

ती चादरीच्या गाठी मारत होती. एक मारली, दुसरी मारायला टोक हातात घेतलं.

"सूनबाई."

"हं?"

"सोड ती गाठ. भोकं पाडायला घे."

"कुठली भोकं?"

"चासीची. चार. पॉवर बसव."

तिनं वर पाहिलं. "अहो, पण आत्ता तर तुम्ही... रुसलात का माझ्यावर? आवळलं म्हणून?"

"तू नाही आवळलंस." काटेबुवा बाकाला धरून खाली, तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघ्यांचा आवाज झाला. दोन्ही हात त्यांनी तिच्यापुढं पालथे ठेवले, जणू कुणा दुसऱ्याचे होते आणि परत करायचे होते. "मी आवळलं. ठिपका तूही बघितलास. जड चाक हवं होतं ते माझ्यासाठी. म्हटलं, जड असलं तर थोडं तरी पोचेल. कोपरापर्यंत पोचलंही, ते खोटं नाही. पण पेटी कोपरानं बांधता येत नाही. यापुढं तू बांधायची, मी शेजारी बसून शिकवतो."

तिनं हातातलं चादरीचं टोक खाली ठेवलं.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "बोटांच्या टोकांपासून इथं मनगटापर्यंत, पोरी, मला काहीसुद्धा कळत नाही."